रामटेकेकाकांचा अंधार

रामटेकेकाका आमच्या घरी आले की आधी दिवा बंद करतात, मग पडदा ओढतात, आणि मग 'जय भीम' म्हणतात. वेळ दुपारी चारची असते.

"काका, मी भाजी चिरून राहिली!" बायको ओरडते.

"हात थांबव ना दोन मिनिटं. पितळाचा रंग उजेडात दिसत नाई, बाई."

काकांची सगळी नोकरी विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यात पुंगळ्या तापवण्यात गेली. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं. बार उडाला की तिचं तोंड कडक होतं. तीत पुन्हा बार भरायचा तर आधी तोंड तापवून नरम करावं लागतं, नाहीतर ते चिरतं. तापवायचं मात्र फक्त तोंड. बूड नरम पडलं तर बार मागे, नेमबाजाच्या चेहऱ्यावर फुटू शकतो. तोंडावर अंधुक लाली आली की पुंगळी लगेच पाण्यात टाकायची. ही लाली अंधारातच दिसते.

आमच्या या हिंदीभाषक शहरात, समता कॉलोनीत मुलाकडे राहायला आल्यापासून काका रागात आहेत. मुलाकडे इंडक्शन शेगडी आहे. "ज्याले जाळच नाई, थो चुल्हा कायचा?" म्हणून त्यांची भट्टी आमच्या गॅसवर. ब्राह्मणपारा वस्तीतल्या एका भांडेवाल्याने मुलामा दिलेला लोटा पितळी म्हणून दाखवला, तेव्हा काकांनी दुकानात भाषण केलं. नळाच्या तोट्यांच्या दर्जावर त्यांनी आमच्या दैनिकाला तीन पानी पत्र लिहिलं. मी ते छापलं नाही. त्याचाही राग आहे.

कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर रायफलचे शौकीन. काडतुसं पुन्हा भरण्याचा परवाना त्यांच्याकडे आहे, आणि त्यांची मुलगी नेहा स्पर्धेत उतरते. तिच्या पुंगळ्या वर्षभर काकाच आमच्या ओट्यावर तापवून देत होते.

गेल्या महिन्यात स्पर्धा चार दिवसांवर असताना काकांनी वीस पुंगळ्या तापवून घरी नेल्या. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर त्याच वीस पुंगळ्या पडल्या. चपट्या. काकांनी त्या बत्त्याने ठेचल्या होत्या.

"काका, ये क्या कर दिया?"

"तुमचं पितळच कचरा होतं! डॉक्टर म्हनवता अन् पितळ वळखता येत नाई?"

हे रांगेतल्या सगळ्या रुग्णांसमोर. नेहाचा सराव बुडाला. डॉक्टरांनी बोलणं टाकलं. काकांच्या मुलाने घरोघरी माफी मागितली. मी चौकशी केली: पितळ तेच होतं, ज्याची काका वर्षभर तारीफ करत होते. त्यांना जाब विचारायचं मी ठरवलं.

शनिवारी ते स्वतःच आले. दिवा बंद, पडदा बंद. या वेळी दाराच्या फटीतही त्यांनी टॉवेल कोंबला. खिशातून स्वतःची एक जुनी पुंगळी काढली, पकडीत बूड धरलं आणि तोंड जाळावर फिरवू लागले. लाली आली. काका फिरवतच राहिले. लाली बुडाकडे सरकू लागली.

"काका, पाण्यात टाका!"

"आला रंग?"

"केव्हाचाच."

पाण्यात चर्र झालं. काकांनी पकड ओट्यावर ठेवली.

"मले नाई दिसला. त्या रोजी बी नाई दिसला. सकाळी उजेडात पायलं, तं बुडापर्यंत रंग उडाला होता, म्हंजे बूड नरम. भाऊ, पोट्टीच्या गालाशी रायते थे रायफल."

"मग डॉक्टरांना खरं सांगायचं."

"काय सांगू? डोये गेले म्हनून? मंग कोन देईन पुंगळी हातात?"

मी नेहाला सगळं सांगितलं. मी तिला सांगितल्याचं काकांना माहीत नाही. रविवारी ती नव्या वीस पुंगळ्यांचा डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"काहून आली?" काका गुरगुरले.

"सीखना है, काका."

"पहिले हात पूस. वली पकड निसटते." त्यांनी पकड तिच्या हातात दिली आणि दिवा बंद केला. "फिरव. थांबू नको. रंग आला का, बेटा?"

"नहीं, काका."

"फिरव."

"आया!"

"टाक!"

चर्र. पहिली पुंगळी पाहावी म्हणून मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. काकांनी अंधारातच माझं मनगट धरलं.

"राहू द्या, भाऊ. अजून एकोनीस आहेत. पोट्टीले दिसून राहिलं."