डाव्या पायाचे मास्तर

मोटारसायकल शिकवावी तर काळेवाडीच्या सोपानरावांनीच! हे मत अर्थात खुद्द सोपानरावांचं. कुणी विचारो न विचारो, ते ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

त्यांच्या चिंचवडच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहात नव्याने गाडी घेणाऱ्या कामगारांचा वर्ग भरे. पहिल्या वर्षीचे मास्तर पुस्तक वाचता वाचता स्वतःच पेंगले. दुसऱ्या वर्षीच्यांनी अपघातांचे असे काही फोटो दाखवले की निम्म्यांनी सायकलीवरच जन्म काढायचं ठरवलं! तिसऱ्या वर्षी साहेबांनी वर्ग सोपानराव फिटरांना दिला. जमलं तर कायमचे मास्तर, आणि रात्रपाळी बंद! रात्रपाळीने विटलेल्या सोपानरावांना आभाळ ठेंगणं झालं.

त्यांची स्वतःची जुनी बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सोपानरावांच्या लेखी जगातल्या झाडून साऱ्या गाड्या तशाच! बाकांवर बसवून त्यांनी कवायत घेतली.

"संकट दिसलं की?"

"डावा पाय!" वर्ग गरजे. शेडचे पत्रे थरथरत.

शेवटच्या दिवशी मैदानात प्रात्यक्षिक होतं. साहेबांनी कंपनीची कोरी गाडी पुढे केली. सोपानराव रुबाबात बसले आणि उजव्या पायाने गिअर शोधू लागले. गाडी ढिम्म!

वर्गातल्या पुढच्या रांगेतला ज्योतीराम कुजबुजला, "मास्तर, हिचा गिअर डावीकडं हाय. ब्रेक उजवीकडं."

"ठावं हाय! मला शिकवतो व्हय रे?"

खरं तर तिथेच उतरून वर्गाला सांगायला हवं होतं. पण साहेब बघत होते. आणि मैदानापलीकडे आपल्या गोठ्यापाशी गोवऱ्या थापायच्या सोडून त्यांच्या सासूबाई छबूबाई जावयाचा थाट बघत उभ्या होत्या! सोपानरावांनी गिअर टाकला आणि गाडी सोडली.

झोकात एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला त्यांनी सासूबाईंकडे बघून मान डोलावली, तेवढ्यात वळण हुकलं. समोर गोठा! मास्तर संकटात दिसताच अख्खा वर्ग जीव तोडून ओरडला, "डावा पाय!"

शिष्यांचं ऐकून मास्तरांनी डावा पाय दाबला. ब्रेक कसला लागतोय! गाडीने गचका दिला आणि मास्तरांना थेट शेणाच्या ढिगात नेऊन घातलं.

"जावईबापू," छबूबाई पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "पुढच्या दारानं यायचं न्हाई का?"

हाडं शाबूत होती, पण तोंड दाखवायला जागा उरली नाही. शेणाने माखलेलं होतं तेच बरं, असं सोपानरावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्गाला पुन्हा बोलावून विचारलं, "काय शिकलात?"

"गाडीवर बसायच्या आधी ब्रेक कुठल्या पायाला हाय ते बघायचं!" एकजात सगळे ओरडले.

साहेब खूश! "इतकं कुणाच्याच वर्गात लक्षात राहिलं नव्हतं. सोपानराव, आजपासून तुम्ही कायमचे मास्तर! दर वर्षी हेच करून दाखवा. शेणाचं छबूबाईंशी मी बोलतो."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. सोपानरावांनी खाली घातलेली मान वर केलीच नाही.

"साहेब," ते पुटपुटले, "रात्रपाळीच न्हाई का मिळायची?"