नाक्यावरचं माहेर

संकटात माणसाची पारख होते, असं म्हणतात. साफ खोटं आहे. संकटात सगळेच शहाणे वागतात. काठी घेऊन पोलीस उभा असला की गाढवसुद्धा रस्त्याच्या कडेनं चालतं. पारख होते ती संकट टळल्यावर. त्या वेळी मिळालेली सूट कोण परत करतो आणि कोण कनवटीला लावून बसतो, ते बघायचं. चंद्राबाईंची आपल्या एकुलत्या एका लेकाबद्दल, विनोदबद्दल, एवढीच तक्रार होती की त्यानं एकही परत केली नाही.

बाकी विनोद म्हणजे सोनं. निपाणीत जन्म जाऊन त्यानं तंबाखूला बोट लावलं नव्हतं. पतसंस्थेत कामाला, खाली मान घालून जाणारा. साथीच्या दिवसांत त्यानं आईला तळहातावर जपलं. दुधाच्या पिशवीला साबणानं आंघोळ घातल्याशिवाय तिला घरात प्रवेश नसे. भाजी मिठाच्या पाण्यात बुडायची आणि मग साड्यांच्या शेजारी दोरीवर वाळायची. गल्लीत चार घरांतून माणसं गेली, विनोदच्या घरातून कुणी गेलं नाही. याचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे, आणि चंद्राबाई ते देत होत्या. अंबाबाईला नवस बोलल्या होत्या, तो त्यांनी फेडला.

पुढं साथ ओसरली. एकेका उपायाचं कारण गळून पडलं, उपाय मात्र जागचा हलला नाही. कागदावरून जंतू येतो म्हणून वर्तमानपत्र बंद केलं होतं. जंतू यायचा थांबला, पेपर काही सुरू झाला नाही. भांडी घासणाऱ्या मालुबाईला तिच्याच जिवाच्या काळजीनं घरी बसवलं होतं. ती काळजी विनोदला अजून वाटते. उरलेले मास्क उकळून घेतले, आता त्यांत मटकीला मोड येतात. (कानाच्या दोरीमुळे मास्क खिळ्याला टांगता येतो. फडक्याला ही सोय नाही.)

परशरामअण्णांचं प्रकरण थोडं मोठं आहे. चंद्राबाईंच्या मालकांचे हे जुने मित्र. मालक गेले तरी अण्णा सकाळच्या चहाला यायचे, कारण चहाला मालकांची गरज नसते. साथीत त्यांची खुर्ची सोप्यातून पायरीवर आली, पायरीवरून फाटकाबाहेर गेली. कपबशीच्या जागी कागदी कप आला. मग कागदी कप संपले. मग उन्हानं प्लास्टिक चिरतं म्हणून खुर्ची आत घेतली. अण्णा अजून फाटकाशी थांबून "बरं हाय न्हवं, वैनी?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं सरकतात. उभं राहून गुडघे दुखतात त्यांचे.

अशा रीतीनं घराची आकडेवारी नमुनेदार झाली. रुग्ण : शून्य. पाहुणे : शून्य. दोन्हीकडं सारखंच उत्तर आलं म्हणजे गणित बरोबर, असं विनोदचं म्हणणं.

आता चंद्राबाई काही उधळ्या बाई नव्हेत. वेलदोड्याची सालं त्या चहापुडीत टाकतात, साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात. त्यांच्या घरात साडीची वाकळ होते, वाकळीचं पायपुसणं होतं, आणि पायपुसण्याचं काय होतं ते बाहेरच्यांनी विचारू नये. पण त्यांची काटकसर पाहुण्यासाठी असायची. बारा महिने आपल्या भाकरीवर तूप कमी वाढायचं, कशाला, तर जावई पाटावर बसला की धार धरताना हात आखडू नये. विनोदची काटकसर पाहुण्यापासून होती. एवढा बारीक फरक शाळेत शिकवत असतील तर ठाऊक नाही. चंद्राबाईंची शाळा दुसरीतच सुटली.

निपाणीहून कागल म्हणजे अर्ध्या तासाची वाट. मध्ये राज्याची हद्द. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. एरवी हे निवडणूक आली की आठवतं. साथीत ते रोज आठवायला लागलं, कारण हद्दीवर नाका बसला आणि तपासणीचा कागद असल्याशिवाय माणूस इकडं येईना. चंद्राबाईंची लेक पूर्णिमा कागलला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. डिंकाचे लाडू वळून झाले, बाजेची सुंभं आवळून झाली, आणि नाका बंद झाला. पूर्णिमा तिकडंच बाळंत झाली. मुलगी. बारसं चंद्राबाईंनी फोनवर बघितलं. पाळण्यात नाव सांगायच्या वेळेला नेमकं चित्र थांबलं, त्यामुळं नातीचं नाव नीलम ठेवलं हे आज्जीला दुसऱ्या दिवशी कळलं.

लाडू तरी पोचवूया, हे चंद्राबाईंनीच सुचवलं. विनोदनं त्यांना गाडीत घातलं आणि नाक्यावर आणलं. पलीकडून जावई महादेव आला. दोन राज्यांच्या मधे लोखंडी अडथळा, आणि पोलीस ओरडत होता, "मुट्टबेड्री, शिवू नका, शिवू नका!" डबा त्यानं काठीनंच पलीकडं सरकवला. त्या दिवशी विनोद तोंड फिरवून रडला. हे चंद्राबाईंनी गाडीच्या काचेतून स्वतः बघितलंय, आणि तेवढ्यावर पुढं त्याला बरंच माफ केलंय.

मग नाका उघडला. दिवाळी आली. विनोद म्हणाला, "एवढी एक डाव भाऊबीज नाक्याजवळच उरकू, आई. हवेत अजून थोडं हाय म्हणत्यात." नाक्याच्या अलीकडं भावकूचा ढाबा आहे, तिथं उरकली. पुढच्या वर्षी म्हणाला, "पूर्णीला बी तेवढंच सोयीचं." त्याच्या पुढच्या वर्षी काहीच म्हणाला नाही, गाडी सरळ ढाब्यावर लावली. एखादी गोष्ट तिसऱ्यांदा झाली की ती परंपरा होते, आणि परंपरेला कारण विचारणारा माणूस आगाऊ ठरतो.

या परंपरेचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण पाळले कडक जातात. भेटीची जागा अशी असावी की दोन्ही गाड्यांना वळायला सोपं जावं. (बसायला सोपं जावं, असा नियम नाही.) फराळाचा डबा जागेवर रिकामा करून घ्यावा. आपल्यात शेजारणीचा डबासुद्धा मोकळा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात; पण मोकळ्या डब्यातून जंतू येत नाही असं साथीत सिद्ध झालं होतं. साडीचा फोटो आधी पाठवावा, म्हणजे आवडली नाही तर आणायलाच नको. रडू नये, रडण्यात वेळ जातो आणि परतीला ट्रकांची गर्दी लागते.

ओवाळण्याबाबतची सुधारणा तर खास आहे. हमरस्त्यावरून ट्रक गेला की निरांजन विझतं. म्हणून पूर्णिमानं मोबाइलची बॅटरी लावून ओवाळायला सुरुवात केली. तेल नको, वात नको, वारा कितीही येवो. शिवाय उजेड एवढा की भावाला डोळे मिटून घ्यावे लागतात, त्यामुळं बहिणीच्या तोंडाकडं बघायची पाळी येत नाही.

चंद्राबाई हे सगळं बघत होत्या आणि गप्प होत्या. लेक घरी येत नाही, रात्रभर आईजवळ झोपत नाही, नातीनं आजोळचा उंबरा ओलांडलेला नाही, हे त्यांना टोचत होतं. पण त्यांचा समज असा की पूर्णीलाच आता सासर गोड लागलं, आपलं मातीचं घर नको झालं. अशा लेकीला "ये की गं" म्हणून विनवण्यातल्या त्या नव्हेत. आणि बोलावणं नसताना जावयाच्या दारात जाऊन बसण्यातल्या तर मुळीच नव्हेत. ताठ्याला साथीचा रोग बाधत नाही.

इथं मुराळी म्हणजे काय ते सांगायला हवं, नव्या सुनांना ठाऊक नसतं. या भागात लेक माहेरी आपल्या पायानं येत नाही. तिला न्यायला माहेराहून माणूस जातो, तो मुराळी. सख्खा भाऊ, तो नसला तर चुलत, तोही नसला तर घरचा गडी. सासरच्या उंबऱ्यावर उभं राहून "न्यायला आलोय" म्हणायचं, चहा घ्यायचा, मग लेक पिशवी भरते. तिच्या दारात स्कूटर असो, तिला चालवता येवो, ती त्याच स्कूटरवर रोज कोल्हापूरला नोकरीला जावो. स्कूटर मुराळी होत नाही.

यंदाची भाऊबीज आली. विनोदची बायको मंजुश्री आपल्या भावाची भाऊबीज फोनवर उरकून घरीच राहिली. ढाब्यावर बघावं तर गर्दी. भावकूनं दारात "भाऊबीजेची खास सोय" अशी पाटी लावलेली, पाट मांडलेले, रांगोळीच्या जागी रांगोळीचा कागद चिकटवलेला. टेबलाटेबलावर इकडचे भाऊ, तिकडच्या बहिणी, आणि वर मोबाइलचे उजेड. शोध विनोदनं लावला, पीक सगळ्यांनी घेतलं.

"आक्का, जरा बेगी उरका," भावकू चंद्राबाईंना म्हणाला. "मागं नंबर लागल्यात."

"माझी लेक हाय, रेशन न्हवं," चंद्राबाई म्हणाल्या. पण सरकून बसल्या.

पूर्णिमा, महादेव आणि नीलम आले. डबा ओतून झाला, ओवाळून झालं, विनोदनं डोळे उघडले. नीलम आता पहिलीला. तिनं आज्जीचं बोट धरलं आणि ढाब्यामागं खोल्यांची रांग होती तिकडं ओढायला लागली.

"आज्जी, ह्यातली तुझी खोली कंची?"

"कसली खोली गं, बाळ?"

"तू ऱ्हातीस ती. मला दाव की. तुझी भांडी कुठं हायत?"

विनोद सगळ्यांत मोठ्यानं हसला. "लई चुणचुणीत हाय बघ!"

"तिचं काय चुकलं, दादा?" पूर्णिमा म्हणाली. "आज्जीला तिनं हितं सोडून कुठं बघितलंय? शाळेत बाईंनी आजोळ विचारलं, तर नाक्यावर म्हणून सांगून आली."

चंद्राबाईंनी नातीचं बोट सोडलं नाही. लेकीकडं वळल्या. इतक्या वर्षांचं आत दाबलेलं बाहेर आलं ते शिवी होऊनच आलं.

"मग यायला काय पाय मोडलं तुझं, भवाने? घर कुठं हाय ते इसरलीस?"

पूर्णिमाचा आवाज एकदम बारीक झाला. "मुराळी कुठं धाडला, आई? दादानं लोकेशन धाडलं."

विनोदनं हातातला मोबाइल खिशात घातला.

"दर दिवाळीला पिशवी भरून ठेवतो मी," पूर्णिमा म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात. "वाटतं, औंदा तरी दादा दारात येऊन हाळी देईल. हितनं माघारी जाऊन परत कपाटात लावतो. आता बी गाडीत हाय, बघ जा."

महादेव आपल्या गाडीच्या चाकात हवा आहे का ते निरखून बघायला लागला. त्यावरून पिशवी आहे हे सगळ्यांना समजलं.

चंद्राबाई उठल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि महादेवाच्या गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या, जणू तोच कागलचा उंबरा.

"जावईबापू, लेकीला न्यायला आलोय. मुराळी म्हातारा हाय, गोड मानून घ्या. धाडताय न्हवं?"

"न्हेवा की, मामी," महादेव म्हणाला, आणि डिकी उघडून पिशवी त्यानं स्वतःच काढून दिली. बरीच जड होती. आठ दिवसांची तरी तयारी असावी.

पिशवी विनोदच्या गाडीकडं निघालेली बघून विनोदची मात्र गाळण उडाली. तो आईला आडवा आला. बोलणं रीतसरच होतं.

"आई, असं एकदम कसं? आधी सांगायला नको? पूर्णीच्या खोलीत आता माझं टेबल हाय. गाद्या माळ्यावर टाकल्यात. मंजूला सवय न्हाय ऱ्हायली आता कुणाची. आणि आपलं काय वाईट चाललंय? कुणाला तरास न्हाय, कुणाचा खोळंबा न्हाय, भेटबी हुत्या. पुढच्या दिवाळीला नक्की नेऊ की. म्हणत्यात, हवेत अजून..."

शेजारच्या टेबलावर ओवाळता ओवाळता एक बहीण थांबली. तिच्या पलीकडचीही थांबली. उजेड हातात तसेच राहिले, आणि सगळ्यांचे भाऊ डोळे उघडून इकडं बघायला लागले.

"गाडी उघड," चंद्राबाई म्हणाल्या. विनोदनं उघडली. नीलमला त्यांनी आत बसवलं, पूर्णिमाला बसवलं, स्वतः बसून पिशवी मांडीवर घेतली आणि मग दाराला धरून लेकाकडं आणि त्याच्यामागच्या सगळ्या भावांकडं बघितलं.

"हवेत काय बी न्हाय, विनोद. तू त्यातनं वाचावास म्हणून अंबाबाईला नवस बोललो हुतो, त्यो फुकट गेला. तुमास्नी रोग झालाच न्हवता रं. तुमास्नी त्यो मानवला."