त्रेपन्न नंबरचा गणपती

दामूकाकांनी सात नंबरचा गणपती कुणाला सुखासुखी घेऊ दिला नाही. पेणच्या आमच्या आळीतल्या कारखान्यात ते आखणी करत, म्हणजे मूर्तीचे डोळे काढत. पाटाला नंबराची चिठ्ठी असे. गिऱ्हाइकानं सातावर बोट ठेवलं की काका कुंचला खाली ठेवत. "सात नको. कलता हाय."

दोष माझा. मी शेजारी, त्यात गणिताचा मास्तर. एकदा चहा पिताना मूळ संख्या म्हणजे काय ते सांगून बसलो. कुणाचाच भाग जाऊ देत नाहीत म्हणून काकांनी त्यांचं बारसं केलं: आडमुठ्या.

मग त्यांना वेडच लागलं. सातच्या अलीकडची आडमुठी पाच, पलीकडची अकरा. एकीकडे दोनाचं अंतर, दुसरीकडे चाराचं. "असं डोळं काढलं तर गिऱ्हाईक मारील मला!" पण त्रेपन्नच्या अलीकडे सत्तेचाळीस, पलीकडे एकोणसाठ. दोन्हीकडे सहा. अशा मधोमध बसलेल्या संख्या ते रंगाच्या खोक्यांवर लिहीत सुटले. एकदा तर धापा टाकत माझ्या वर्गाच्या खिडकीशी आले. "मास्तर, दोनशे अकरा! दोन्हीकडं बारा!" पोरं खिदळली. मी फळ्यावर पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

नव्वदच्या दशकात एका वर्षी त्यांचे दोन मुलगे भांडले. थोरला रोह्याच्या कंपनीत, राहायला तिथल्याच अष्टमी गावात, धाकटा जिते गावात. आमच्याकडे चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती एकच राहतो. तोही वेगळा झाला की घर फुटलं म्हणायचं. यांनी तेच केलं. काकांनी एकाला सत्तेचाळीस दिला, दुसऱ्याला एकोणसाठ. दोन्ही मूर्तींची आखणी स्वतः केली. "बाबा, चतुर्थीला आमच्याकडं या," दोघंही म्हणाले. काका दोघांनाही "बघू" म्हणाले.

मी चिडलो. "जा की एकाकडे!"

"एकाकडं गेलो की दुसऱ्यापासून लांब पडतो, मास्तर."

चतुर्थीला त्यांनी त्रेपन्न नंबरचा गणपती आपल्या घरी बसवला. काकी जाऊन चार वर्षं झाली होती. मोदक त्यांनी स्वतःच वळले, कळ्या मात्र साधेनात. दोघांना निरोप धाडला होता, घरचा गणपती हितंच हाय, दुपारच्या आरतीला या.

दुपारी आम्ही दोघंच. मला फार वाईट वाटलं. अर्ध्या आरतीत काकांचे टाळ थांबले.

"मास्तर, दाराला कडी लागली नाय ना? बघा जरा."

दार सताड उघडं होतं. तरी मी बाहेर जाऊन रस्ता लांबपर्यंत बघून आलो.