आजोबा हातातून गेले

दगड बघून त्याचं गोत्र सांगावं ते मीच, असं मी आमच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं ऐकवत आलोय. आकाशातून पडलेले दगड, म्हणजे अशनी, तपासायचे, वर्णन लिहायचं आणि जात ठरवायची, हे माझं काम. ध्रुवाच्या बर्फात सापडलेला मुठीएवढा काळा दगड टेबलावर आला तेव्हा मी एकदाच भिंगातून पाहिलं आणि आमच्या विभागप्रमुख बाईंना सांगून टाकलं, "साध्या अशनीत असतात ते गोल दाणे यात नाहीत. हा दुर्मीळ जातीचा. लिहून देतो."

"आधी पातळ चकती कापून बघा, मग लिहा," बाई म्हणाल्या. बाई कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटते.

वय साडेचार अब्ज वर्षं, म्हणून मी दगडाला आजोबा म्हणू लागलो. मंगळवारी वजन करायला उचलला आणि तो हातमोज्यातून निसटला. फरशीवर टक् असा आवाज आला. दोन तुकडे.

अख्ख्या अंतराळाला जे जमलं नाही, ते मी कमरेच्या उंचीवरून करून दाखवलं होतं. नोकरी गेलीच म्हणून बायकोला फोन लावला.

"अगं, आजोबा माझ्या हातातून गेले," एवढंच बोललो, तोच बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. मी फोन बंद केला, तुकडे डबीत घातले आणि डबी खिशात.

घरी माझ्या वडिलांनाही सगळे आजोबाच म्हणतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दहा मिनिटांनी बाई आत आल्या. "तुमच्या मिसेसचा फोन होता. वडील गेले म्हणे. तुम्ही अजून इथे कसे?"

खरं सांगावं तर नोकरी जाणार. खोटं बोलायला तोंडही उघडायला नको, नुसती मान खाली घातली की झालं. मी घातली. त्याची आजही लाज वाटते.

बाईंनी पाणी दिलं, माझा रजेचा अर्ज स्वतः भरला. "वय काय होतं?"

"साडेच... अठ्ठ्याहत्तर."

त्यांनी गाडी मागवली. अर्धा तास मी घाम पुसत बसलो. गाडीच्या आधी बायको आली, रडून डोळे सुजलेली. मागे नुकतेच केस कापलेले माझे वडील.

"मी न्हाव्याकडे गेलो होतो," वडील म्हणाले. "तेवढ्यात मला मारलंस?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग गेलं कोण?"

मी डबी टेबलावर ठेवली.

बाईंनी फुटलेली बाजू भिंगाखाली धरली. बायकोनं माझी बाही घट्ट धरली होती, रागानं की काळजीनं, कळेना.

"गोल दाणे आहेत की," बाई शेवटी म्हणाल्या. "तापून पुसट झालेत, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. साधा दगडी अशनी. असे आपल्या कपाटात चारशे तरी आहेत."

चकती कापल्यावर तेच निघालं. नोकरी वाचली, पण आजोबा साधेच निघाले म्हणून मला जरा वाईटच वाटलं.

वर्णनाच्या तक्त्यात एक रकाना होता : दगड कधी फुटला? मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, 'पृथ्वीवर आल्यानंतर.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. "यात खोटं काही नाही," म्हणाल्या आणि सही केली.