रत्नाकाकूंच्या रायफलीसाठी उपसमिती

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ट्रॉय या अमेरिकन शहरातील निवृत्त भूलतज्ज्ञ डॉ. रत्ना देवधर यांच्या शिकारी रायफलीची नळी सेवेस अपात्र ठरली. आतल्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. रायफल एक्क्याऐंशी साली त्यांचे पती रवींद्र देवधरांनी घेतली; नेम मात्र पहिल्या दिवसापासून काकूंचाच बरा. रवींद्र बिचारे थर्मास सांभाळत.

"नवी नळी बसवतो, डॉक्टर," बंदुका दुरुस्त करणारा वॉल्ट म्हणाला. "काडतूस कोणतं, तेवढं सांगा; नळी त्याच मापाची लागते. जुनं थर्टी-ऑट-सिक्स ठेवलंत तर खांद्याला दणका तोच. टू-सेव्हंटी घेतलंत तर कमी, ट्वेंटी-फाइव्ह घेतलंत तर आणखी कमी. हरीण तिन्हींनी पडतं. पुढल्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत कळवा. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा सीझन उघडेल तेव्हा रायफल तुमच्या हातात असेल."

त्या पंधरा नोव्हेंबरला महत्त्व होतं. जानेवारीत काकूंच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर बंदूक विसरा, असं सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं. उत्तरेच्या जंगलात, नेहमीच्या जुन्या पाइनखाली बसण्याची ही शेवटची खेप.

खरं तर उत्तर काकूंना दुकानातच ठाऊक होतं. पण हयात असेपर्यंत काडतुसांचं बघायचे रवींद्र. म्हणून रविवारी मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या मीटिंगमध्ये त्यांनी अध्यक्ष यतीनला सहज विचारलं, "अरे, ट्वेंटी-फाइव्हचा दणका खरंच कमी असतो का, जरा इंटरनेटवर बघशील?"

"काकू, असं रँडम नाही करता येत यार," आयटीतला यतीन गंभीर झाला. "डिसिजन आहे हा. प्रोसेस पाहिजे."

चकल्यांच्या भाजणीचा विषय पुढे ढकलून काडतूस निवड उपसमिती स्थापन झाली. सदस्य तटस्थ असावेत असं ठरलं, म्हणजे ज्यानं कधीही बंदूक हाताळली आहे तो बाद. त्यामुळे काकू स्वतः बाद झाल्या. दोन सदस्य शुद्ध शाकाहारी निघाले. त्यांच्या तटस्थतेबद्दल शंकाच नव्हती.

"आणि मी काय करू?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही स्टेकहोल्डर, काकू," सेक्रेटरी आश्लेषा प्रेमानं म्हणाली. "तुम्ही फक्त रिलॅक्स करा."

शुक्रवार गेला. वॉल्टनं एक आठवडा वाढवून दिला. आश्लेषानं मांडीवर तापलेलं बाळ घेऊन सत्तावीस रकान्यांचा तक्ता केला. त्यात दणका, किंमत, भविष्यात अपग्रेड होण्याची शक्यता आणि 'मुलांसाठी योग्य आहे का' हेही होतं. मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या प्रतापकाकांनी सगळं मिलिमीटरमध्ये हवं म्हणून सभात्याग केला आणि मसाला दूध आल्यावर ते परत आले. मग मतदान झालं. पुणेकर थर्टीवर, नागपूरकर टू-सेव्हंटीवर आणि मुंबईकर ट्वेंटी-फाइव्हवर ठाम राहिले. मतं अगदी सारखी पडली.

"कोणालाच नाराज करायचं नाही," यतीननं जाहीर केलं. "पॉइंट थ्री, पॉइंट टू सेव्हन आणि पॉइंट टू फाइव्ह इंच, तिन्हींची सरासरी घेऊ. पॉइंट टू सेव्हन थ्री."

"अरे, हे टू-सेव्हंटीच झालं की जवळजवळ," काकू म्हणाल्या.

"जवळजवळ, काकू. पण टू-सेव्हंटी म्हटलं तर उद्या पुणेकर मंडळ सोडतील."

त्याच वेळी वॉल्टचा फोन आला. "डॉक्टर, आज शेवटचा दिवस. एक शब्द बोला, लगेच कामाला लागतो."

तो शब्द काकूंच्या जिभेवर होता. पण समोर तक्ता उघडा होता, बाळ रडत होतं, आणि रवींद्र गेले तेव्हा याच पोरांनी तेरा दिवस डबे पोचवले होते. त्यांच्या तोंडावर 'माझं मी बघते' कसं म्हणायचं? काकूंना भीड पडली. त्यांनी फोन यतीनकडे दिला.

"पॉइंट टू सेव्हन थ्री," यतीन म्हणाला.

"तसलं काडतूस जगात कोणी बनवत नाही," वॉल्ट म्हणाला.

"ॲव्हेलेबिलिटी आमच्या स्कोपमध्ये नव्हती," यतीननं नम्रपणे खुलासा केला, आणि फोन ठेवून तो सभेकडे वळला. "वॉल्टनं नकार दिलेला नाही. तांत्रिक अडचण नोंदवली आहे." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सर्वांत आधी टाळी वाजवली ती रत्नाकाकूंनी. त्यांच्याकडे सगळे बघत होते.

पंधरा नोव्हेंबरला पहाटे पाचला सवयीनं काकूंना जाग आली. बाहेर बर्फ पडला होता. वॉल्टच्या फडताळात रायफल नळीवाचून उभी होती. काकूंनी एका माणसाचा चहा केला आणि खांदा चोळत खिडकीशी बसल्या. नऊ वाजता मंडळाचा फॉर्म आला: 'काडतूस निवड प्रक्रियेबद्दल आपण किती समाधानी आहात?' नाव लिहिणं सक्तीचं होतं.

काकूंनी बराच वेळ पाच ताऱ्यांकडे पाहिलं. मग पाचही भरले आणि खाली लिहिलं: 'उत्कृष्ट आयोजन. सर्वांनी मनापासून मेहनत घेतली.'

हसू नका. मागच्या कार्यक्रमानंतर तुम्हीही फॉर्म भरला होता, आणि तुम्ही काय लिहिलं होतं ते मंडळाच्या दप्तरी नावानिशी आहे.