सोनकांबळेताई पान मांडतात

सोनकांबळेताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतींकडे बघतात, मग माणसांकडे. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले, तर बाई सोफ्यावर बसायचं सोडून खोलीच्या मधोमध उभ्या. एक डोळा मिटलेला आणि बोटाने हवेत काहीतरी सरकवताहेत.

"ते कॅलेंडर जरा डावीकडे घ्या," म्हणाल्या. "घराला श्वास घेऊ द्या."

मी घेतलं. घराने श्वास घेतला की नाही ठाऊक नाही, पण कॅलेंडरमागचा ओलीचा डाग मात्र उघडा पडला. ताईंना तो डागही आवडला.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या समोरच्याच क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहतात. मूळच्या लातूरच्या, इथे राजधानीत केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी. दिवसभर फायली आणि संध्याकाळी लॅपटॉप उघडून वेबसाइटची पानं मांडणं. कोडबीड त्यांना येत नाही. पडद्यावर एका बाजूला तयार चौकोन असतात, फोटोचे, मजकुराचे, बटणांचे. माउसने धरायचे, ओढायचे, हवे तिथे सोडायचे. हलतंबोलतं काही नाही. मांडलं की पान तसंच राहतं. कॉलनीतल्या योगवर्गाचं पान त्यांनी केलंय, इस्त्रीवाल्याचं केलंय, गेटजवळच्या कडुलिंबाचंसुद्धा केलंय. त्यावर झाडाचा एक फोटो आणि खाली दोनच शब्द : 'सकाळी या.'

"कशाला?" मी विचारलं.

"सकाळी बरा दिसतो तो," ताई म्हणाल्या.

मी घरून पानिपतच्या चादरी विकते. दिवाळीआधी वाटलं, आपलंही एक पान असावं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आधी चादरींवर तिथलं ऊन कसं पडतं ते बघायला हवं." मग एका रविवारी आम्ही रेल्वेने पानिपतला. खाली व्यापारी मला हिंदीत भाव सांगतोय आणि ताई गायब. शोधत गच्चीवर गेले. दोऱ्यांवर रंगवलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, वाऱ्याने फुगत होत्या, आणि ताई त्यांच्यामधून सावकाश चालत होत्या, निळ्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून पांढऱ्यात. मी हाक मारली नाही. त्या कुठल्यातरी लांबच्या गावाला पोचल्या होत्या. तिथून माणसाला एकदम परत बोलावू नये.

पान तयार झालं. उघडलं की पडदाभर फिकट आकाश. बरंच खाली गेल्यावर एक चादर. मग पुन्हा आकाश.

आमचे हे कितीतरी वेळ बोट सरकवत राहिले. "अच्छा, पण दुकान कुठंय यात?"

"येईल ना," ताई शांतपणे म्हणाल्या. "पाहुणा दारात आला की लगेच 'विकत घ्या' म्हणता का तुम्ही? आधी बसू दे त्याला. पाणी पिऊ दे."

पाहुणे पाणी पिऊन जात होते. ऑर्डर एकही येईना. दिवाळी तोंडावर आलेली, घरात चादरींचे गठ्ठे छताला टेकलेले. शेवटी धीर करून मी त्यांच्याकडे गेले.

"ताई, किंमत आणि बटण वर पाहिजे. अगदी वर. लाल."

"लाल?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की मलाच कसंतरी झालं.

बटण वर गेलं आणि यथावकाश चादरीही गेल्या, ते सोडा. मला सांगायचंय ते निराळंच. आजाऱ्याला कुशीवर वळवावं तसं त्या ते बटण जपून वर नेत होत्या, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. हात माउसवर म्हणून त्यांनी स्पीकर लावला. म्हाताऱ्या बाईचा थकलेला आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"मी वंदी, आई."

"कोण वंदी?"

"तू आत्ता फोटोला हात लावलास ना, ती."

"ती होय." आवाज एकदम निवळला. "चांगली दिसती की पोरगी. जेवलीस का गं?"

"जेवले. तू?"

फोन ठेवल्यावर ताईंनी आपण होऊनच सांगितलं. आई लातूरला भावाकडे असते. लिहितावाचता कधी आलंच नव्हतं. आता माणसंही विसरत चाललीय. तिच्यासाठीच ताई हे सगळं शिकल्या. त्यांनी मांडलेलं पहिलं पान आईच्या मोबाइलवर आहे. पडदाभर ताईंचा फोटो, दुसरं काही नाही. त्याला बोट लागलं की इकडे फोन येतो.

"म्हणजे आठवण आली की लावतात," मी म्हटलं.

ताईंनी मान हलवली. "आपण फोन लावतोय हे तिला कळतच नाही हो. ती नुसती गालावरून हात फिरवते."

मोबाइल पुन्हा वाजला. मी उठले, चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन हलकेच दार ओढून घेतलं.