डाव्या बाजूचा दिवा

हार्लन मोटारीखाली उताणा पडला होता आणि काहीही करत नव्हता. पक्कड छातीवर ठेवून तो मोटारीचं पोट न्याहाळत होता. ज्या पिवळ्या वायरीमुळे मागचा डावा दिवा लागत नव्हता, ती त्यानेच पहाटे कॉफीच्या आधी तोडून ठेवली होती.

"सापडलं का काही?" मागे उभ्या असलेल्या वर्नाने विचारलं.

"बघतोय."

"सावकाश बघ. घाई करू नकोस."

नऊ वर्षांपूर्वी मिनेसोटातलं राहतं घर विकून दोघांनी ही बसएवढी घरगाडी घेतली होती. आत पलंग, चूल, न्हाणीघर. मागे दांड्याला जोडून ओढायची ही छोटी मोटार; ओढताना तिचे दिवे घरगाडीच्या वायरीवर चालायचे. कल्पना हार्लनचीच. "तुला सगळा देश दाखवतो," असं तो तेव्हा मोठ्या रुबाबात म्हणाला होता. वर्नाने दाराजवळ नकाशा लावला आणि पाहिलेल्या प्रत्येक राज्यावर ती रंगीत कागद चिकटवत गेली. आता चारच राज्यं कोरी उरली होती आणि हार्लन पार विटला होता. दर पंधरा दिवसांनी नवी जागा, नवा नळ, नवे शेजारी आणि तेच जुने गुडघे. अ‍ॅरिझोनातल्या घरगाड्यांच्या या तळावर त्यांनी हिवाळा काढला होता. मंगळवारी नाल फेकायचा खेळ, शुक्रवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून जेवण. इथून हलूच नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण बायकोला हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा दिव्याने सांगितलेलं बरं. मागचे दिवे लागल्याशिवाय मोटार ओढत रस्त्यावर जाता येत नाही, आणि आज दुपारी बाराच्या आत जागा सोडली नाही तर ती महिनाभरासाठी घ्यावी लागते.

हिशेब चोख होता. फक्त शेजारी त्यात धरायचे राहिले होते. या तळावर माणूस गाडीखाली शिरला की दहा मिनिटांत त्याच्या पायांशी दुसऱ्या कुणाचे तरी बूट येऊन उभे राहतात.

"दिवा का?" बुटांनी विचारलं. तो मर्ल होता. चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढलेला माणूस. "सरक जरा."

"राहू दे रे, मी करतो."

"तू कर की. मी नुसता बघतो."

नुसतं बघता बघता मर्लने चार मिनिटांत पिवळी वायर शोधली आणि जोडूनही टाकली. "ही तुटलेली नाही, कापलीय," तो बाहेर येत म्हणाला. "तुझ्याकडच्या उंदरांचे दात फार सरळ दिसतात. जा, ब्रेक दाब."

हार्लन जड पायांनी घरगाडीत चढला. संपलं सगळं, असं म्हणत त्याने ब्रेक दाबला.

"नाही लागत," मागून वर्ना म्हणाली.

हार्लनला आधी आनंद झाला आणि मग तो चक्रावला. वायर तर जोडली होती. दिवा लागायलाच हवा होता.

तोवर ओडेल आला. याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे कुठलंही यंत्र आधी सगळं सुटं करावं लागतं अशी त्याची श्रद्धा होती. त्याने दिव्याची काच काढली, बल्ब बदलला, अर्थिंगची पांढरी वायर घासून पुन्हा बसवली. डावा दिवा नाही लागला. मग त्याने मागचा बंपर उतरवून वाळूवर ठेवला. त्यानंतर ब्रेक दाबला तेव्हा उजवाही गेला.

"आता दोन्ही सारखे झाले," ओडेल म्हणाला. "म्हणजे आपण जवळ आलोय."

"कशाच्या जवळ?" मर्लने विचारलं.

"तू टेलिफोनवाला. तुला नाही कळायचं."

लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येऊ लागले. वर्नाने सगळ्यांना कॉफी दिली. साडेअकराला तळाची व्यवस्थापक डार्ला आली आणि बंपरकडे बघत म्हणाली, "हार्लन, जाताय की राहताय, तेवढं सांगून टाका. पुढचे लोक फाटकाशी येऊन थांबलेत."

तिकडे ओडेल मोटारीची मागची सीट काढायच्या बेतात होता. महिनाभर राहायला मिळालं तरी किराणा आणायला मोटार लागणारच होती. ती वाचवायची तर हा बिघाड खरोखर शोधावा लागणार, हे हार्लनच्या ध्यानात आलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने मन लावून विचार केला, आणि तो घरगाडीत जाऊन फ्यूजच्या पेटीपाशी वाकला.

मोटारीच्या डाव्या दिव्याची जागा रिकामी होती. जळलेला फ्यूज नव्हता, फ्यूजच नव्हता. जादा फ्यूज स्वयंपाकाच्या खणात असायचे. ती डबीही रिकामी.

तो मटकन पलंगावर बसला. समोर वर्नाची अर्धवट गोधडी पडली होती. तळावरच्या बायकांबरोबर ती दर गुरुवारी शिवायची. शेजारी दोऱ्यांचा डबा, झाकण अर्धं उघडं. लाल आणि निळ्या रिळांच्या मधे सहा फ्यूज ओळीने मांडलेले होते. एकावर चिठ्ठी होती, त्याच्याच अक्षरात: 'मागचा डावा'.

हार्लनला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. नऊ वर्षं ही बाई त्याच्यासाठी नकाशावर कागद चिकटवत होती.

त्याने फ्यूज खिशात टाकला आणि तो बाहेर आला. वर्नाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिशाकडे.

"सापडलं का?"

"नाही."

"सगळीकडे बघितलंस?"

"सगळीकडे."

"मर्ल म्हणत होता, वायर पकडीने कापलीय म्हणून," ती हळूच म्हणाली.

"मर्ल काय, काहीही म्हणतो."

"तर काय."

हार्लन डार्लाकडे वळला. "महिनाभर तरी लागेल हे काम."

"महिना?" ओडेलचा चेहराच पडला. "दोन दिव्यांना? माझी अब्रू काढतोस का? उद्या सकाळी सातला येतो आणि लावूनच जातो."

"मीटर घेऊन मीपण येतो," मर्ल म्हणाला. "आधी फ्यूज तपासू. ते सकाळपासून कुणी बघितलेलंच नाही."

खुर्च्या आवरून सगळे पांगले. वर्ना बटाटे सोलायला बसली. हार्लनने खिशातला फ्यूज काढून तिच्यापुढे ठेवला.

"हा नीट ठेव," तो म्हणाला. "आणि मर्ल आत आला की दोऱ्यांचा डबा असा उघडा टाकत जाऊ नकोस."

"नाही टाकत," वर्ना म्हणाली. "तू पण सातच्या आत उठ. ती वायर पुन्हा कापायला हवी."